वाहनबदल : मनाई की मोजमाप?

प्रशासनात दीर्घकाळ काम केलेल्या माणसाला एक सवय जडते. एखादी दुर्घटना कानावर आली की तो प्रथम विचारतो, 'याबाबत नियम होता का?' नियम होता असे कळले की त्याचे निम्मे समाधान होते. तो पाळला गेला नाही असे कळले की उरलेलेही होते. दोष कोणाचा हे ठरले, फाईल मिटली. मीही अनेक वर्षे अशाच फाईली मिटवत आलो. परंतु २०२३ च्या जुलै महिन्यात आमच्याच घरात एक घटना घडली आणि 'नियम होता' या उत्तराने माझे समाधान होईना. विषय वरवर पाहता शासकीय निबंधाला शोभणारा नाही. एका मालवाहू पिकअप गाडीला मूळ मापापेक्षा मोठी चाके बसवणे आणि तिची उंची कमी करणे, एवढाच तो विषय. तरीही वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

माझ्या धाकट्या बंधूंचे कुटुंब इंदूरला असते. त्यांच्या मुलाचा, म्हणजे माझ्या पुतण्याचा, समारंभांसाठी ध्वनिव्यवस्था आणि रोषणाई पुरवण्याचा व्यवसाय आहे. मोठमोठ्या स्पीकरच्या पेट्या वाहून नेण्यासाठी त्याने दहा वर्षे वापरलेली एक पिकअप विकत घेतली. तरुण वय आणि व्यवसायही दिखाव्याचा, त्यामुळे गाडी हीच जाहिरात व्हावी असे त्याला वाटले. शहरातील एका कारागिराकडून त्याने मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची मांडणी बदलून घेतली, काही पाती कमी केली, पुढची बाजूही त्या मानाने खाली घेतली. गाडी सुमारे चार इंच खाली बसली. मग त्याने १६ इंची लोखंडी चाकांच्या जागी २० इंची चकचकीत अलॉय चाके आणि रुंद, बुटके टायर बसवले. गाडी खरोखर देखणी दिसत होती. पेट्या चढवताना हमालांना कमी उचलावे लागते, हा व्यावहारिक फायदाही त्याने मला उत्साहाने सांगितला होता.

एका घरगुती लग्नात मी ती गाडी पाहिली. मोटार वाहन अधिनियमातील कलम मला ठाऊक होते. तरीही मी 'छान आहे' एवढेच म्हणालो. शुभकार्यात कलमे कशाला काढायची, असा त्यामागचा विचार. त्या मौनाची आठवण मला आजही सुखावत नाही.

जुलैतील एका पावसाळी संध्याकाळी पेट्या उतरवून रिकामी गाडी परत येत होती. पुढे अचानक एक दुचाकी आडवी आली. पुतण्याने ब्रेक दाबला. गाडीची मागची चाके जागच्या जागी अडकली, मागचा भाग फिरला आणि गाडी दुभाजकावर आदळली. दुचाकीस्वार वाचला. पुतण्याला खरचटले. शेजारी बसलेल्या त्याच्या मदतनिसाचा उजवा हात मात्र कोपरापाशी मोडला. पेट्या उचलून पोट भरणाऱ्या माणसाचा उजवा हात म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पुढे कित्येक महिने त्याला काम करता आले नाही.

सर्वांनी एकमुखाने चाकांना दोष दिला. मीही दिला. पण गाडी ज्या गॅरेजमध्ये ओढून नेली, तेथील वयस्कर मिस्त्रींनी खाली वाकून पाहिले आणि चाकांकडे दुर्लक्ष करून मागच्या ॲक्सलजवळच्या एका लहानशा दांडीकडे बोट दाखवले. ते म्हणाले, "साहेब, गाडी रिकामी होती, पण ब्रेकला वाटत होतं की ती भरलेली आहे."

त्या वाक्याचा अर्थ असा. मालवाहू गाडीच्या मागच्या चाकांवरील भार सतत बदलतो. भरलेल्या गाडीत मागच्या चाकांना जास्त ब्रेक लागतो. रिकाम्या गाडीत तेवढाच ब्रेक दिला तर ती चाके रस्त्यावरची पकड सोडून घसरू लागतात. म्हणून एबीएस नसलेल्या अनेक जुन्या पिकअपमध्ये मागच्या बाजूस एक झडप असते. मिस्त्री तिला 'एलएसपीव्ही' म्हणतात. एका दांडीने ही झडप ॲक्सलशी जोडलेली असते. माल भरला की सांगाडा ॲक्सलच्या जवळ येतो, दांडी वळते आणि झडप मागच्या ब्रेककडे जास्त दाब सोडते. गाडी रिकामी झाली की सांगाडा वर उठतो आणि दाब कमी होतो. म्हणजे झडप वजन मोजत नाही; ती उंची मोजते आणि उंचीवरून वजनाचा अंदाज बांधते. गाडी चार इंच खाली बसवल्यावर त्या बिचाऱ्या झडपेच्या दृष्टीने गाडी कायमचीच भरलेली झाली. ओला रस्ता, रिकामी गाडी आणि मागच्या चाकांना पूर्ण दाब. पुढे जे झाले ते पदार्थविज्ञानाच्या नियमांनुसार झाले. मिस्त्रींच्या मते, उंची कमी केली त्याच दिवशी दांडीची जोडणी नव्या उंचीनुसार बदलून ब्रेक तपासून घेतले असते, तर काही शे रुपयांत काम भागले असते.

मी पुतण्याला रागाने विचारले, "अरे, कोणाला विचारायचं तरी होतंस!" त्यावर तो म्हणाला, "काका, विचारायला गेलो होतो. खिडकीवर सांगितलं की असा बदल करताच येत नाही, त्यामुळे अर्ज घेण्याचा प्रश्नच नाही. मग सांगा, मी कोणाला विचारायला हवं होतं?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच प्रश्न आहे.

प्रथम कायदा पाहू. मोटार वाहन अधिनियम १९८८ मधील कलम ५२ वाहनातील बदलांविषयी आहे. मूळ १९८८ च्या तरतुदीत मालकाने नोंदणी प्राधिकाऱ्यास सूचना द्यावी आणि त्याची मान्यता घ्यावी, अशी रचना होती. सात दिवसांत उत्तर आले नाही तर मान्यता मिळाली असे समजावे, असेही त्यात म्हटले होते. २००० सालच्या दुरुस्तीने ही रचना बदलली. उत्पादकाने मूलतः निर्दिष्ट केलेल्या तपशिलांशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत होतील, असा बदल मालकाने करू नये, हे मुख्य तत्त्व ठरले. त्याला काही अपवाद ठेवले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द करताना याच तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणले. त्यानुसार परवानगीबाहेरचा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

अर्थात, नियम स्पष्ट आहे आणि कठोरही आहे. त्यामागचा हेतूही योग्यच आहे. रस्ता सार्वजनिक आहे. माझ्या गाडीतील दोषाची किंमत मदतनीस, पादचारी, दुचाकीस्वार असे इतरही चुकवतात. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात, आणि अशा ठिकाणी शासनाने हस्तक्षेप करावा याविषयी दुमत नाही. 'माझी गाडी, माझे पैसे, तुम्हाला काय करायचे?' हा युक्तिवाद त्या मदतनिसाच्या मोडलेल्या हाताकडे पाहून करता येणार नाही. प्रश्न एवढाच की, या नियमाने ज्या धोक्यापासून संरक्षण द्यायचे, त्या धोक्यापर्यंत तो पोहोचतो का?

माझ्या पुतण्याच्या गाडीचेच उदाहरण घेऊ. अपघातापूर्वी त्या गाडीला दोनदा दंड झाला होता. दोन्ही वेळा चाकांसाठी, कारण चाके दिसतात. मालवाहू वाहनाच्या नोंदणीपत्रात टायरची संख्या, स्वरूप आणि माप नोंदवावे असे कलम ५८ सांगते. त्यामुळे मापातील फरक कागदावर सिद्ध करता येतो. गाडीच्या जमिनीपासूनच्या उंचीला मात्र पुतण्याच्या नोंदणीपत्रात रकानाच नव्हता. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनास दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते; तेही त्याने अपघाताच्या दोनच महिने आधी घेतले होते. त्या दिवसापुरती जुनी १६ इंची चाके लावली, कागद घेतला आणि संध्याकाळी पुन्हा २० इंची चाके चढवली. या व्यवसायातील लोकांना हा उपाय नवा नाही. चार इंच खाली गेलेली गाडी आणि चुकीचा अंदाज बांधणारी झडप तपासणीतून तशीच बाहेर आली. दंड चाकांना झाला, अपघात झडपेमुळे झाला आणि त्या दोघांची कोठेही गाठ पडली नाही.

याचा अर्थ मोठी चाके निरुपद्रवी असतात असा नव्हे. उलट, त्यांचाही हिशेब करता येतो आणि तो कोणीच केला नव्हता, हे माझे म्हणणे आहे. टायरच्या बाजूवर २४५/७० आर १६ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि रिमचा व्यास १६ इंच. यावरून पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर येतो. पुतण्याचे नवे माप २६५/५० आर २० होते. त्याचा व्यास ७७३ मिलिमीटर. म्हणजे रिम चार इंचांनी वाढला तरी पूर्ण चाक केवळ तीन टक्क्यांच्या आसपास मोठे झाले, कारण रबराची भिंत १७१ मिलिमीटरवरून १३२ वर आली. वेगमापक ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात साडेब्याऐंशीच्या वेगाने धावत असणार. हा फरक दुर्लक्षणीय नाही, पण जीवघेणाही नाही.

खरी गोष्ट मापाच्या पुढे लिहिलेल्या आणखी एका आकड्यात होती. तो भारनिर्देशांक. मूळ टायरवर १११ होता, म्हणजे एका टायरची क्षमता १,०९० किलो. नव्या टायरवर १०७ होता, म्हणजे ९७५ किलो. मागच्या दोन चाकांचा विचार केला तर एका ॲक्सलमागे २३० किलो क्षमता कमी झाली. शिवाय पाट्यांची काही पाती काढली होती, ती वेगळीच. पेट्या मात्र पूर्वीइतक्याच भरल्या जात होत्या. या दोन आकड्यांची तुलना करायला अभियंता लागत नाही. शाळकरी मुलगाही ती करू शकेल. पण 'माप बदलले' एवढ्यावरच गुन्हा पूर्ण होत असल्यामुळे, बदल सुरक्षित आहे की घातक याची तुलना करण्याचे कारणच कोणाला उरले नाही. भारनिर्देशांक जास्त असलेला मोठा टायर आणि कमी असलेला मोठा टायर, दोघांना दंड सारखाच.

ज्या नियमात चांगल्या बदलाला आणि वाईट बदलाला एकच शिक्षा असते, तो नियम लोकांना चांगला बदल करण्याचे कोणतेही कारण देत नाही. पकडले जाण्याची जोखीम सारखीच असेल तर माणूस स्वस्तातला पर्याय घेतो. कारागीर पावती देत नाही, कारण पावती हा त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरेल. पावती नाही म्हणून जबाबदारी नाही आणि जबाबदारी नाही म्हणून कौशल्य वाढवण्याची गरज नाही. अपघातानंतर गाडीच्या नुकसानभरपाईचा दावाही अनधिकृत बदलाच्या कारणावरून नाकारला गेला. म्हणजे नियम होता, दंड होता, तपासणी होती, विमा होता. आणि त्या चौघांच्या मधून एक माणूस हात मोडून घेऊन बाहेर पडला.

अशा गाड्यांची आवड मुळात अमेरिकेतील, विशेषतः कॅलिफोर्नियातील. तेथील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्या खाली बसवून रस्त्यावरून संथपणे मिरवण्याची एक संस्कृतीच निर्माण केली. पुढे छोट्या पिकअप गाड्याही तिच्यात आल्या. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी वाचकांनी रविवारच्या संध्याकाळी अशा गाड्यांची रांग पाहिली असेल. तेथील शासनानेही १९५० च्या दशकाच्या अखेरीस एक मनाई घातली. बदल केलेल्या गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा खाली असता कामा नये, असा तो नियम. त्यावर १९५९ च्या सुमारास रॉन अगिरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेट गाडीत विमानातील हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसले की कळ दाबून गाडी वर घ्यायची, पोलीस गेले की पुन्हा खाली. योग्यता प्रमाणपत्रासाठी एका दिवसापुरती जुनी चाके लावणाऱ्या माझ्या पुतण्याचा हा थोर पूर्वजच म्हणायला हवा.

त्या नियमातील आणखी एक गंमत चाकांच्या हिशेबातून लक्षात येते. रिमचा खालचा बिंदू जमिनीपासून किती उंच, हे टायरच्या भिंतीवर अवलंबून असते. भाराने टायर थोडा चेपतो तो भाग सोडला, तर पुतण्याच्या जुन्या चाकावर ही उंची १७१ मिलिमीटर होती आणि नव्या चाकावर १३२. म्हणजे जमिनीपासून दीडशे मिलिमीटरवर असलेली एकच गाडी जुन्या चाकांवर त्या नियमाने बेकायदा ठरली असती आणि मोठे रिम लावताच कायदेशीर! गाडी तसूभरही सुरक्षित झाली नसती. फक्त मोजपट्टी खाली सरकली असती. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंदर्भात एक निरीक्षण नोंदवले होते. एखादा निर्देशक नियंत्रणासाठी वापरू लागलो की त्याची विश्वासार्हता ढासळते, हा त्याचा आशय. ते वाहनांनाही तंतोतंत लागू पडते. कॅलिफोर्नियाने अखेर ही बंदी १ जानेवारी २०२४ पासून रद्द केली. मात्र सुमारे साडेसहा दशके ती कोणाला लागू करायची हे रस्त्यावरचा पोलीस ठरवत असे, आणि तिचा भार एका विशिष्ट समाजावर अधिक पडला, ही तेथील समाजाची तक्रार होती. मनाईच्या नियमात अधिकाऱ्याचा स्वेच्छाधिकार संपतो, असे आपण मानतो. प्रत्यक्षात तो कार्यालयातून उठून रस्त्यावर जातो, जेथे त्याची नोंदही राहत नाही.

मग दुसरा मार्ग कोणता? जर्मनीतील नियम पाहण्यासारखा आहे. तेथे बदल केलेल्या वाहनाची मान्यता तीन कारणांनी संपुष्टात येते. वाहनाचा प्रकार बदलला तर, रस्त्यावरील इतरांना धोका अपेक्षित असेल तर, किंवा धूर अथवा आवाज वाढला तर. म्हणजे 'मूळापेक्षा वेगळे आहे काय?' हा तेथील शेवटचा प्रश्न नाही. 'धोकादायक आहे काय?' हा आहे. चाके विकणारा उत्पादक ती कोणत्या गाडीला, कोणत्या अटींवर चालतील याचा तपासणी अहवाल सोबत देतो. गरजेप्रमाणे टीयूव्हीसारख्या संस्थेचा तज्ज्ञ गाडी प्रत्यक्ष पाहतो. चाक पूर्ण वळवल्यावर टायर कोठे घासतो का, भारक्षमता पुरेशी आहे का, हे तपासून नोंद करतो. ऑस्ट्रेलियाच्या संहितेत उंची कमी करताना सस्पेन्शनच्या मूळ हालचालीपैकी किमान दोन तृतीयांश हालचाल शिल्लक राहावी, असे प्रत्यक्ष प्रमाणच दिले आहे. हे देश उदार म्हणून असे करतात असे मला वाटत नाही. जर्मन तपासनीस उदार असतो, असे निदान तेथे राहणारे माझे स्नेही तरी म्हणत नाहीत. तो कठोर असतो, पण त्याची कठोरता धोक्यावर रोखलेली असते.

आता आक्षेपांचा विचार करू, कारण ते मी स्वतःच एकेकाळी फाईलवर लिहिले असते. पहिला आक्षेप क्षमतेचा. आपली परिवहन कार्यालये आधीच कामाने वाकली आहेत. प्रत्येक हौशी तरुणाची गाडी तपासायला माणसे कोठून आणायची? दुसरा भ्रष्टाचाराचा. परवानगी म्हटली की एजंट आला, दर आला. त्यापेक्षा सरसकट मनाई बरी. निदान ती स्वच्छ तरी आहे.

दोन्ही आक्षेप गंभीर आहेत. परंतु त्यांचे उत्तर आपल्याच व्यवस्थेत आहे. पेट्रोलच्या गाडीला सीएनजी किट बसवणे हा मोठ्या चाकांपेक्षा कितीतरी अधिक धोक्याचा बदल आहे. उच्च दाबाच्या वायूची टाकी मागे घेऊन आपण फिरतो. तरीही आपण त्याला सरसकट मनाई केली नाही. कलम ५२ मध्येच त्याला वाट ठेवली आहे. पुण्याच्या एआरएआयसारखी मान्यताप्राप्त चाचणी संस्था किटला मान्यता देते, अधिकृत केंद्र ते बसवते आणि नोंदणीपत्रात त्याची नोंद होते. प्रत्येक गाडीची अभियांत्रिकी परिवहन कार्यालयाने तपासावी अशी अपेक्षा तेथे नाही. किटची चाचणी एकदा होते आणि तिचा लाभ हजारो गाड्यांना मिळतो. याच धर्तीवर चाके, टायर आणि सस्पेन्शनचे संच मंजूर करता येणार नाहीत का? उंची कमी करण्याच्या संचासोबत ब्रेकच्या झडपेची दांडी नव्या उंचीप्रमाणे जुळवण्याचा भाग आणि सूचना असलीच पाहिजे, ही अट एकदा घातली की पुतण्याच्या गाडीतील दोष कोणाच्या लक्षात येण्यावर अवलंबून राहणार नाही.

माझी सूचना थोडक्यात अशी. बदलांच्या तीन पायऱ्या कराव्यात. पूर्ण चाकाचा व्यास ठरावीक मर्यादेत राहत असेल, टायर चाकाच्या कमानीबाहेर येत नसेल आणि भारनिर्देशांक मूळाइतका किंवा अधिक असेल, तर केवळ नोंद पुरेशी मानावी. उंची, सस्पेन्शन किंवा ब्रेकशी संबंध येत असेल, तर मंजूर संच, अधिकृत केंद्र आणि ब्रेकची यांत्रिक चाचणी सक्तीची करावी; त्याचे शुल्क हौस करणाऱ्याने भरावे, करदात्याने नव्हे. सांगाडा कापणे किंवा भारक्षमता घटवून तोच माल वाहणे यावर मात्र आजच्यापेक्षाही कडक मनाई असावी, आणि शिक्षा मालकाइतकीच बदल करणाऱ्या कारागिरालाही व्हावी. स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम २०२१ मध्ये आले आहेत. जेथे अशी केंद्रे आहेत तेथे रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक मोजला जातो. ही यंत्रे आपण घेतलीच आहेत, तर त्यांना योग्य प्रश्न विचारायला हवेत.

भ्रष्टाचाराविषयी एवढेच म्हणतो. तो परवानगीत असतो तसा मनाईतही असतो. फरक असा की, परवानगीतील भ्रष्टाचाराचा कागद मागे राहतो आणि तो कधीतरी कोणीतरी वाचू शकतो.

माझ्या पुतण्याचा दोष मी झाकत नाही. त्याने कायदा मोडला, तपासणीला फसवले, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. मदतनिसाचा उपचार आणि त्या काळातील वेतन त्याने दिले. ते त्याचे कर्तव्यच होते. गाडी आता मूळ उंचीवर आणि मूळ चाकांवर आहे. मदतनीस कामावर परतला आहे, पण जड पेटी उचलताना तो डावा हात आधी पुढे करतो.

शासनाला नागरिकाची हौस आवडलीच पाहिजे असे नाही. तिला नाही म्हणण्याचा अधिकारही शासनाला आहे. पण खिडकीवर कोणी विचारायला आला, तर नकार देण्यापूर्वी त्याला धोका कोठे आहे हे सांगणारा कोणीतरी तेथे असावा. माझा पुतण्या त्या खिडकीपर्यंत गेला होता. 'अर्ज घेता येत नाही' याऐवजी 'गाडी खाली घेतलीस तर आधी ब्रेकची झडप बघ' एवढे एक वाक्य त्याला ऐकायला मिळाले असते, तर ते पुरेसे झाले असते. आणि त्या लग्नाच्या मांडवात ते वाक्य नाही तरी निदान प्रश्न तरी मला विचारता आला असता. तो मी विचारला नाही, याची नोंद येथे करून ठेवतो.